परतलेल्याला विशेषण नसावे

२९ मे २०२१ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमध्ये एक विवाह झाला. करोनाच्या निर्बंधांमुळे पाहुणे मोजकेच होते आणि बातमी बाहेर आली तीही लग्न लागून गेल्यावर. वर होते ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन. त्यांचा हा तिसरा विवाह. आधीचे दोन्ही विवाह घटस्फोटाने संपलेले आणि दोन्ही पूर्वपत्नी हयात. ज्या कॅथलिक चर्चला घटस्फोट मुळीच मान्य नाही, त्याच चर्चच्या इंग्लंडमधील मुख्य प्रार्थनामंदिरात हे लग्न यथाविधी कसे लागले? त्या वेळी ब्रिटनमधील अनेक श्रद्धावान कॅथलिकांनीच हा प्रश्न उघडपणे विचारला. ज्यांनी चर्चमध्ये लग्न केले, ज्यांना पुढे जोडीदाराने टाकले आणि तरीही चर्चच्या नियमापायी जे पुन्हा संसार मांडू शकले नाहीत, त्यांना ही गोष्ट झोंबणे स्वाभाविक होते.

चर्चतर्फे एवढेच सांगण्यात आले, की वधूवर दोघेही बाप्तिस्मा झालेले कॅथलिक आहेत. उरलेला उलगडा कॅथलिक धर्मविधीच्या जाणकारांनी केला. जॉन्सन यांचा बाप्तिस्मा बालपणी कॅथलिक पद्धतीने झाला होता. पुढे ईटनच्या शाळेत त्यांनी अँग्लिकन पंथाचा दृढीकरणाचा संस्कार घेतला. १९८७ आणि १९९३ चे त्यांचे दोन्ही विवाह कॅथलिक चर्चबाहेर झाले. बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकाने धर्मगुरूविना आणि परवानगीविना केलेला विवाह चर्चच्या लेखी झालेलाच नसतो. जो झालाच नाही, तो मोडणार कसा? मरिना व्हीलर या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. त्यांची आई मूळची पंजाबातील सरगोध्याची, शीख घराण्यातील. पंचवीस वर्षांचा संसार आणि चार मुले. पण चर्चच्या वहीत त्या विवाहाची नोंद शून्य.

हे तर्कट ऐकून हसू येणे सोपे आहे. हसण्यापूर्वी त्यामागची व्यवस्था समजून घेणे अधिक हिताचे. या एकाच नियमाला दोन बाजू आहेत. चर्चबाहेरचे लग्न हे लग्नच नव्हे, ही त्याची कठोर बाजू. परंतु बाहेर लग्न केलेला माणूस मात्र आपलाच, ही त्याची दुसरी, चिवट ममत्वाची बाजू. लग्न परके ठरते, माणूस परका ठरत नाही. एकदा बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडले, की तो कोठेही जावो, कोणाशीही संसार थाटो, त्याचे नाव चर्चच्या वहीतून खोडले जात नाही. तो 'गेलेला' नसतो, 'परतायचा राहिलेला' असतो. हिंदू समाजाने विचार करावा तो या दुसऱ्या बाजूचा.

नियमाची साडेचार शतके

सोळाव्या शतकापर्यंत युरोपात वधूवरांनी परस्परांना दिलेल्या संमतीनेच विवाह सिद्ध होत असे. पुरोहित नसला, साक्षीदार नसले, तरी चालत असे. त्यातून गुप्त विवाह आणि फसवणूक यांचे पेव फुटले. म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये 'तामेत्सी' या आदेशाने असे ठरवले, की धर्मग्रामाचे धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोर झालेला विवाहच वैध. हा आदेश जेथे जाहीर झाला तेथेच लागू होता. १९०७ मध्ये दहावे पायस यांनी 'ने तेमेरे' हा आदेश काढून १९०८ च्या ईस्टरपासून त्याची व्याप्ती जवळजवळ सर्वत्र केली. १९१७ आणि १९८३ च्या धर्मसंहितांनी तोच नियम पुढे चालवला.

नियम मोडणाऱ्यास पूर्वी दंडही कडक होता. अमेरिकेत बाल्टिमोरच्या १८८४ च्या परिषदेने घटस्फोटानंतर पुन्हा लग्न करणाऱ्या कॅथलिकांना बहिष्कृत ठरवले होते. तो बहिष्कार १९७७ मध्ये उठवण्यात आला. मिश्रविवाहासंबंधीचे जुने दंड त्याआधीच, १९७० मध्ये, सहावे पॉल यांनी काढून टाकले होते. शिक्षा सौम्य होत गेली, पण नियम तसाच राहिला. चर्चबाहेर लग्न केलेला कॅथलिक आज बहिष्कृत नसतो. तो रविवारच्या मिस्सेला जाऊ शकतो, प्रार्थना करू शकतो. मात्र ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत त्याने उभे राहायचे नसते. सारे कुटुंब उठून वेदीकडे जाते आणि तो बाकावर बसून राहतो. श्रद्धावान माणसाला ही शिक्षा थोडी नव्हे.

यातील सर्वांत बोलका बदल २००९ चा आहे. ज्यांनी चर्च औपचारिकपणे सोडले आहे त्यांना १९८३ च्या संहितेने या नियमातून सूट दिली होती. त्यांचे बाहेरचे विवाह चर्चही वैध मानू लागले. सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ मध्ये 'ओम्नियम इन मेंतेम' या आदेशाने ती सूट रद्द केली. त्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. बाहेरचा विवाह वैध ठरला, तर तो मोडल्यानंतर चर्चमध्ये नवा संसार मांडून परत येऊ इच्छिणाऱ्यांची वाट अवघड होत होती. गेलेल्यांना परत येणे सोपे व्हावे, म्हणून कायदा बदलण्यात आला. दोन हजार वर्षांच्या संस्थेने आपल्या सोडून गेलेल्यांचा इतका बारकाईने विचार करावा, हे तिच्या टीकाकारांनीही नोंदवून ठेवले पाहिजे.

परतीचा विधी

वसईतील एखाद्या कॅथलिक मुलीचे उदाहरण घेऊ. नोकरीच्या ठिकाणी ओळख झालेल्या हिंदू तरुणाशी तिने विशेष विवाह अधिनियमाखाली नोंदणी पद्धतीने लग्न केले. दहा वर्षे संसार नीट चालला. मग वडिलांच्या अंत्यविधीला गावी आली, तेव्हा आईबरोबर ख्रिस्तप्रसाद घेता आला नाही, ही गोष्ट तिच्या मनाला लागली. तिला परतायचे आहे. वाट कोणती?

तिने आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना भेटायचे. बाप्तिस्म्याचा दाखला काढायचा. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह हा मुळातच अडथळा मानला जातो, म्हणून बिशपांकडून त्यातून सूट मागायची. आपण श्रद्धा सोडणार नाही असे सांगायचे आणि होणाऱ्या सर्व मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक धर्मात व्हावे यासाठी सर्वतोपरी प्रयत्न करू, असे मनापासून वचन द्यायचे. तिच्या हिंदू पतीने कसलेही वचन द्यायचे नसते. पत्नीने काय वचन दिले आहे हे त्याला वेळीच सांगितलेले असले पाहिजे, एवढेच. त्यानंतर पापनिवेदन आणि धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी पुन्हा संमती देण्याचा छोटा विधी. विवाह वैध झाला, मुलगी वेदीपाशी परतली.

पती चर्चमध्ये यायला तयारच नसेल तर? त्याचीही सोय आहे. 'मुळापासून दुरुस्ती' असे जिचे वर्णन करता येईल, अशी एक तरतूद धर्मसंहितेत आहे. तीत पुन्हा संमती द्यावी लागत नाही. पतिपत्नींची मूळची संमती कायम आहे असे पाहून बिशप आदेश देतात आणि त्याचा परिणाम लग्नाच्या दिवसापर्यंत मागे जातो. तसेच गंभीर कारण असल्यास ही दुरुस्ती जोडीदाराला न कळवताही करता येते, असे संहितेचे १,१६४ वे कलम सांगते. म्हणजे एखाद्या हिंदू पतीचा विवाह चर्चच्या दप्तरी दुरुस्त झालेला असेल आणि त्याला त्याची वार्ताही नसेल, हे नियमांच्या चौकटीत शक्य आहे.

पूर्वीचा विवाह चर्चमध्ये झालेला असेल आणि दुसरा बाहेर, तर मामला कठीण. तेथे पहिला विवाह मुळातच सदोष होता असा निर्णय चर्चच्या न्यायासनाकडून मिळवावा लागतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया सोपी केली. दुसऱ्या न्यायासनाने निर्णयाला दुजोरा देण्याची सक्ती काढली. २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या त्यांच्या पत्रानंतर, अशा जोडप्यांना काही प्रसंगी संस्कार देता येतील काय, यावरून चार कार्डिनलांनी जाहीरपणे शंका उपस्थित केल्या. वाद अजून शमलेला नाही. परंतु वाद आहे तो दार किती उघडावे याचा; दार असावे की नसावे, याचा नव्हे.

जॅकलिन यांची वाट

ही व्यवस्था माणसाच्या आयुष्यात कशी उतरते, याचे ठळक उदाहरण म्हणजे जॅकलिन केनेडी. अमेरिकेच्या एकमेव कॅथलिक राष्ट्राध्यक्षाची ही विधवा — त्या काळी जॉन केनेडी हेच तसे एकटे होते. २० ऑक्टोबर १९६८ रोजी ग्रीसच्या स्कॉर्पिओस बेटावर जॅकलिन यांनी ॲरिस्टॉटल ओनासिस यांच्याशी ऑर्थोडॉक्स पद्धतीने लग्न केले. ओनासिस घटस्फोटित होते आणि त्यांची पहिली पत्नी हयात होती. कॅथलिक जगात खळबळ उडाली. या विवाहामुळे जॅकलिन यांना संस्कार घेता येणार नाहीत, असाच व्हॅटिकनच्या भूमिकेचा आशय होता. १९५३ मध्ये केनेडी दांपत्याचे लग्न लावणारे आणि १९६३ मध्ये केनेडींचा अंत्यविधी करणारे बोस्टनचे कार्डिनल रिचर्ड कुशिंग त्यांच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांच्यावरच निंदेच्या पत्रांचा भडिमार झाला.

मार्च १९७५ मध्ये ओनासिस यांचे निधन झाले आणि अडथळा आपोआप दूर झाला. १९९४ च्या मे महिन्यात जॅकलिन वारल्या, तेव्हा त्यांचा अंत्यविधी न्यूयॉर्कच्या सेंट इग्नेशियस लोयोला चर्चमध्ये झाला. १९२९ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला होता. मधल्या सात वर्षांवरून त्या दिवशी कोणीही त्यांना नवे नाव दिले नाही. 'परतलेली कॅथलिक' असे लेबल त्यांच्या शवपेटीवर नव्हते. ज्या दारातून त्या आत आल्या होत्या, त्याच दारातून त्या शेवटच्या निघाल्या.

वचनाचा भार कोणावर?

या व्यवस्थेचे गुण मान्य करताना तिची दुसरी बाजू झाकण्याचे कारण नाही. मुलांबाबतचे वचन एकाने द्यायचे असते, ते पाळायचे मात्र दोघांच्या मुलांनी. संसार एक आणि मुलांच्या श्रद्धेचा निर्णय एकाच बाजूने आधीच ठरलेला, ही समता म्हणता येणार नाही. १९७० पूर्वी तर हे वचन बिगर-कॅथलिक जोडीदाराकडूनही घेतले जात असे.

त्या वचनाने काय घडू शकते हे आयर्लंडमधील फेथर्ड-ऑन-सी या गावाने १९५७ मध्ये दाखवले. पती कॅथलिक, पत्नी प्रोटेस्टंट. मुलींना कॅथलिक शाळेत घालण्यावरून दबाव आला, तेव्हा आई दोन्ही मुलींना घेऊन गाव सोडून गेली. तिला प्रोटेस्टंटांनी मदत केली असे मानून गावातील कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. पंतप्रधान ईमन डी व्हॅलेरा हे स्वतः निष्ठावंत कॅथलिक. त्यांनी संसदेत या बहिष्काराचा निषेध केला. त्या धर्मप्रांताच्या बिशपांनी क्षमा मागितली ती १९९८ मध्ये, चार दशकांनंतर.

हिंदू कुटुंबांशी हा विषय आणखी जवळून भिडतो. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचे उदाहरण ताजे आहे. त्यांच्या पत्नी उषा चिलुकुरी तेलुगू हिंदू कुटुंबातील. २०१४ मध्ये त्यांचे लग्न झाले, तेव्हा हिंदू पद्धतीचा विधीही झाला होता. २०१९ मध्ये व्हान्स कॅथलिक झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठातील सभेत एका भारतीय वंशाच्या तरुणीने प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी सांगितले, की मुलांना ख्रिस्ती म्हणून वाढवण्याचे आम्ही ठरवले आहे आणि पत्नीलाही एक दिवस तीच ओढ वाटावी अशी आपली इच्छा आहे. टीका झाल्यावर, तिचा धर्मांतराचा विचार नाही असा खुलासाही त्यांनी केला. त्यांच्या इच्छेला दोष देता येत नाही. आपली श्रद्धा आपल्या प्रिय माणसाला मिळावी असे कोणालाही वाटेल. दोन्ही परंपरांना त्या घरात सारखीच जागा आहे काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

भारतात कायद्याचेही काही पदर आहेत आणि लग्नाआधीच ते ठाऊक असलेले बरे. हिंदू विवाह अधिनियम दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. कॅथलिक पुरुष आणि हिंदू स्त्री यांचा मंदिरात होऊन त्या अधिनियमाखाली नोंदलेला विवाह सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये शून्यवत ठरवला. सकाळी चर्चमध्ये आणि सायंकाळी मांडवात सप्तपदी असा दुहेरी बेत पुष्कळ घरांत आखला जातो. परंतु एकाच विवाहासाठी आगेमागे दुसरा धार्मिक विधी करून संमती देण्यास चर्चच्या संहितेची मनाई आहे. चर्चच्या न्यायासनाने विवाह रद्द ठरवला तरी दिवाणी न्यायालयाच्या हुकमाविना तो कायद्याने संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केले आणि २०१७ मध्ये पुन्हा तीच भूमिका घेतली. आणि विशेष विवाह अधिनियमाच्या १९ व्या कलमान्वये, अविभक्त कुटुंबातील हिंदूने ख्रिस्ती किंवा मुस्लिम व्यक्तीशी त्या अधिनियमाखाली लग्न केले, तर तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाते.

आरसा आपल्याकडे

हे शेवटचे कलम वाचून थांबावेसे वाटते. कॅथलिक बाहेर लग्न करतो तेव्हा त्याचे चर्च म्हणते, लग्न झालेले नाही, माणूस आमचाच आहे. हिंदू बाहेर लग्न करतो तेव्हा कायदा त्याला कुटुंबापासून वेगळा मानतो आणि समाज त्याच्याही पुढे जाऊन त्याला मेलेला मानतो. हयात लेकीच्या नावाने आंघोळ करून मोकळे झालेले बाप आपल्या समाजात होऊन गेले. वसईच्या त्या मुलीच्या जागी पुण्याची किंवा कोल्हापूरची हिंदू मुलगी उभी करून पाहावी. तिने कॅथलिक तरुणाशी चर्चमध्ये लग्न केले. दहा वर्षांनी ती वडिलांच्या तेराव्याला आली आहे. देवघरापर्यंत जायचे की पडवीतच बसायचे? तिच्या हातचे पाणी चालेल काय? तिला मनापासून परतायचे असेल, तर कोणाकडे जायचे, कोणता विधी करायचा, तो कोठे नोंदवायचा? घरातील कोणालाही याचे उत्तर ठाऊक नसते. गुरुजींना विचारावे, तर बहुधा तेही निरुत्तर होतात.

हे अज्ञान परंपरेतून आलेले नाही. परकीयांनी बळाने नेलेल्यांना प्रायश्चित्ताने परत घेण्याचा विधी देवलस्मृतीने शतकांपूर्वी सांगून ठेवला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये नेताजी पालकरांना शुद्ध करून घेतले. फलटणच्या बजाजी नाईक निंबाळकरांची कथा तर अधिक अर्थपूर्ण आहे. आदिलशाहीत धर्म गमावलेल्या बजाजींना परत घेण्यात आले, असे परंपरा सांगते. आणि बजाजींचे पुत्र महादजी यांना महाराजांनी आपली कन्या सखुबाई दिली, हा इतिहास आहे. परतण्याला विधीने आरंभ होतो, पण ते पुरे होते सोयरिकीने, हे महाराजांनी जाणले होते. प्रायश्चित्त देऊन पंक्तीच्या टोकाला बसवायचे, ही त्यांची रीत नव्हती.

पुढे दार लोटले गेले. १८४३ मध्ये मुंबईत श्रीपाद शेषाद्री या कोवळ्या मुलाला मिशनच्या घरातून सोडवून आणले, ते मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनी. त्यासाठी ते न्यायालयात गेले. खटला जिंकणे सोपे गेले; मुलाला पंक्तीला घेण्यास स्वधर्मीयांना राजी करणे अवघड गेले. सनातन्यांचा रोष बाळशास्त्रींनी सोसला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील सात बेड्या मोजल्या, तेव्हा त्यांत 'शुद्धीबंदी' ही एक होती, हे विसरता येणार नाही. ती बेडी पोर्तुगीजांनी घातलेली नव्हती, इंग्रजांनीही नव्हती. ती समाजाने स्वतः घालून घेतली होती.

गोव्याचा इतिहास तर या विषयात डोळ्यांत अंजन घालणारा आहे. १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे वगळता, तेथे इन्क्विझिशनचा अंमल होता. बाटवलेल्यांनी जुन्या चालीरीतींकडे परत वळू नये, हे तिचे एक मुख्य काम. १७३६ च्या फर्मानाने लग्नातील हळद आणि ओव्या यांवरही बंदी घातली. तरी गोव्याच्या कॅथलिक घरांत लग्नाआधी नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याचा 'रोस' राहिला आणि मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन लग्नांत 'उंबराचे पाणी' राहिले. देव बदलला, पण हळदीची आठवण गेली नाही. १९२८ मध्ये विनायक महाराज मसूरकर गोव्यात गेले, तेव्हा हजारो गावडे हिंदू धर्मात परतले. पोर्तुगीज सरकारने महाराजांना अटक केली, पण परतलेले मागे हटले नाहीत. मात्र त्या शूर माणसांना समाजाने काय दिले? 'नवहिंदू' हे नाव. ज्यांचे पूर्वज त्या भूमीतील सर्वांत जुने रहिवासी, त्यांना 'नव' म्हणायचे! हे विशेषण पुढच्या पिढ्यांनाही चिकटले.

जॅकलिन केनेडी सात वर्षांनंतर केवळ कॅथलिक राहिल्या. गावडे अनेक पिढ्यांनंतरही नवहिंदू राहिले. दोन समाजांतील फरक या एका शब्दात सामावला आहे.

काय करायचे

जानेवारी १९६६ मध्ये प्रयागच्या विश्व हिंदू संमेलनात धर्माचार्यांनी परावर्तनाला मान्यता दिली. शास्त्राची अडचण तेव्हाच संपली. आता उरली आहे ती घरांची आणि गावांची अडचण, आणि ती ठराव करून सुटणारी नाही.

पहिली गोष्ट विधीची. परतीचा विधी छोटा, सर्वत्र सारखा आणि प्रत्येक गावच्या पुरोहिताला ठाऊक असलेला हवा. कॅथलिक मुलीला आपण कोणाच्या दारात जायचे हे माहीत असते. हिंदू मुलीलाही ते माहीत असले पाहिजे. तो विधी ढोलताशांचा, छायाचित्रांचा, व्यासपीठाचा नको. शरमेने किंवा श्रद्धेने परतणाऱ्या माणसाला गर्दी नको असते, घरचे चार जण हवे असतात.

दुसरी गोष्ट स्वेच्छेची. चर्चच्या व्यवस्थेतील वचनाचा आणि जोडीदाराच्या अपरोक्ष होणाऱ्या दुरुस्तीचा भाग अनुकरणीय नाही. येणाऱ्याने स्वतःच्या मनाने यावे, जोडीदाराच्या माहितीत यावे. त्याच्या मुलांच्या श्रद्धेची किंमत घेऊन दार उघडू नये. दबावाने ओढून आणलेला माणूस घरात राहतो, घरचा होत नाही. आणि जो परतू इच्छित नाही, अशा जावयाशी, सुनेशी, नातवंडांशी असलेले नातेही तोडण्याचे कारण नाही. दिवाळीच्या फराळाचा डबा त्या घरीही गेला पाहिजे. ज्या घरी डबा जात राहतो, त्या घरातून वाटही येत राहते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, सोयरिकीची. परतलेल्या कुटुंबातील मुलामुलींची स्थळे नाकारायची आणि मेळाव्यात त्यांचा सत्कार करायचा, हा दुटप्पीपणा कार्यकर्त्यांच्या घरांतूनच आधी गेला पाहिजे. जातीच्या भिंती असतील तोवर परतणारा उतरणार कोठे, हा प्रश्न सुटत नाही. चर्चमध्ये परतणारा सरळ आपल्या बाकावर जाऊन बसतो. हिंदू समाजात परतणाऱ्याला आधी विचारले जाते, तुमची पंगत कोणती? महाराजांनी निंबाळकरांना लेक दिली, ती या प्रश्नाचे उत्तर म्हणून. साडेतीनशे वर्षांत ते उत्तर गिरवण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले.

चर्चचे सामर्थ्य तिच्या शाळांत आहे, रुग्णालयांत आहे, पैशात आहे, असे आपल्याकडे नेहमी म्हटले जाते. तिचे खरे सामर्थ्य त्या वहीत आहे, जिच्यातून बाप्तिस्म्याचे नाव खोडले जात नाही. हिंदू समाजाजवळ तशी वही नाही. त्याच्याजवळ घर आहे, अंगण आहे, तुळस आहे, आणि आई आहे. तेराव्याच्या दिवशी उंबरठ्याबाहेर घुटमळणाऱ्या लेकीला त्या आईने नाव, गाव, धर्म काही न विचारता 'आत ये, हातपाय धू, पान वाढते' एवढे म्हटले, तर शुद्धीचा अर्धा विधी तेथेच उरकतो. उरलेला अर्धा समाजाने करायचा आहे, आणि त्यानंतर तिला कोणत्याही विशेषणाने हाक मारायची नाही.